टाचेएवढं

समुद्र मी पाहिलेला नाही,
डोमा नान्हेनंही नाही.
वनखात्याचे साहेब म्हणाले, हे सुरय समुद्रपक्ष्यांच्या गोतातले,
गोड्या पाण्यात दिलेल्या लेकी म्हण.
डोमाला ते पटलं.
तेव्हापासून तो त्यांना बायाच म्हणतो.
"आल्या बाया," म्हणतो
आणि बांबू रोवून डोंगा थांबवतो.

मांडवघाटाखाली वैनगंगा दोन धारांची होते,
मध्ये रेतीचा एक लांबट पट्टा,
वरून पाहिलं तर उपड्या डोंग्यासारखा.
माझं काम चोवीस दिवसांचं.
एक दुर्बीण, तिचा डावा डोळा आंधळा.
एक वही, सहा रकाने:
घरटं क्रमांक, अंडी, पिल्लं, नष्ट, तारीख, कारण.

घरटं म्हणजे काय, तर काहीच नाही.
काडी नाही, पीस नाही.
छाती टेकवून गोल फिरते,
पायांनी रेती मागं उडवते,
झालं.
त्यात तीन अंडी, रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी शिंतोडे,
जशी कोणी घाईत शाई झटकली.
"पाय पाहून ठेव," डोमा म्हणाला,
"डोरे उघडे, तोंड बंद."

पळसाच्या फांद्यांच्या आडोशाला मी बसते.
दुपारी रेतीवर हात ठेववत नाही.
तेव्हा ती उठते, धारेवर जाते,
पोट बुडवून येते
आणि ओली पिसं अंड्यांवर पसरून बसते.
दर सात-आठ मिनिटांनी.
मी घड्याळ लावून मोजलं.
मग मोजणं सोडलं,
माझ्याजवळची बाटली संपली होती
आणि मला लाज वाटली.

एकोणीस घरटी.
अकराव्या दिवशी वीस.
हे विसावं नवीन कुठून आलं
म्हणून दुर्बीण तिथंच रोखली:
पहिल्या दिवशी मी जिथून वर चढले
तिथं माझी टाच खोल रुतली होती.
वाऱ्यानं तिच्या कडा बोथट केल्या होत्या.
आत एक अंडं,
वर ती, पिवळी चोच उघडी, धापा टाकत.
डोमाला सांगितलं नाही.
वहीत क्रमांक लिहिला, वीस,
आणि दिवसभर उजवा पाय
उगाच जपून टाकत राहिले.

वरच्या धरणातून उन्हाळी धानाला पाणी सोडलं
तर खालची तीन घरटी जातात.
पाणी बंद केलं तर डावी धार आटते,
रेती काठाला जाऊन मिळते
आणि गावातले कुत्रे चालत येतात.
बेट म्हणजे एवढंच,
या दोन्हींच्या मधले काही दिवस.

सोळाव्या दिवशी धार आटली.
ओल्या रेतीवर पंजे, सरळ रेषेत, परतीचे पण.
चार, सात, आठ आणि बारा.
नष्ट, नष्ट.
कारण या रकान्यात मी 'कुत्रा' लिहिलं,
खोडलं, 'पाणी' लिहिलं.
तेही खोडलं.

रात्री डोमा फावडं घेऊन आला, सोबत त्याचा भाचा हिरामण.
काही बोलले नाहीत.
जिथं रेतीनं काठाला हात दिला होता
तिथं खणायला लागले.
मी टोपल्यानं उपसलं.
रेती पुन्हा आत घसरायची,
"हिला लाज नाही गा," हिरामण हसला.
पहाटेला मांडीभर खोल, दोन पुरुष रुंद,
आणि उजव्या धारेचं थोडं पाणी
विचार करत करत
आत आलं.

कुत्र्याला पोहता येतं, मी म्हटलं.
"येते," डोमा म्हणाला,
आणि चराच्या काठावर टॉवेल अंथरून आडवा झाला.

चोविसावा दिवस काल संपला.
साहेबांना वही दिली.
विसाव्याच्या ओळीत अंडी: एक. पिल्लं: रिकामं.
ते म्हणाले, अपुरं आहे.
हो म्हटलं.

आज मजुरी नाही,
दुर्बीणही परत केली.
डोमाचा डोंगा घाटावर लागलेला आहे,
तो बांबू हातात घेऊन
माझ्याकडं न बघता उभा आहे.
मी चपला काढून हातात घेते.